बदली माणूस मिळेल का? – नाशिकमध्ये घरपोच रुग्णसेवेचा ब्युरो चालवताना

जेलरोडकर (धागाकर्ता)

नाशिकरोडला आमचा घरपोच रुग्णसेवेचा ब्युरो आहे. मावश्या, वॉर्डबॉय आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी असलेल्या मोजक्या सिस्टर, एवढाच पसारा. आधी आई बघायची, आता मी आणि बायको.

मध्यंतरी एक जण सॉफ्टवेअर विकायला आला होता. नकाशावर हिरवे ठिपके, कोणती मावशी कुठे पोचली ते दिसतं. झकास होतं. मी विचारलं, सकाळी पावणेआठला फोन आला की "दादा, पोराला ताप आहे, आज नाही जमायचं", तर तुमचा ठिपका काय करणार? म्हणाला, लाल होणार.

तर मुद्दा हा. या धंद्यात पैसा आणि झोप दोन्ही जातात ते खाड्यात. आकडे समजण्यापुरते धरा: ग्राहक बारा तासांचे ८०० देतो, मावशीला ६५० जातात, आपल्याकडे १५० उरतात. त्यातच ऑफिसचं भाडं, फोन, जाहिरात. मावशीने खाडा केला की ऐनवेळची बदली ७५० मागते, वर लांबून येणार म्हणून रिक्षाचे १५०. म्हणजे त्या दिवशी शंभर रुपये पदरचे गेले आणि नेहमीचे दीडशे बुडाले. शिवाय ग्राहक चिडलेला, पेशंटला नवा चेहरा, आणि रात्रपाळीची मावशी पिशवी खांद्याला लावून दारात ताटकळत उभी. तिला सोडता येत नाही, कारण घरातला मुलगा अंबडला कामावर निघालेला असतो.

आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, शहराचे तुकडे पाडले. नाशिकरोड-जेलरोड-उपनगर एक, सिडको-इंदिरानगर-पाथर्डी फाटा दुसरा, गंगापूर रोड-कॉलेज रोड तिसरा, पंचवटी-म्हसरूळ-आडगाव चौथा. मावशी राहते त्याच तुकड्यात ड्युटी. आधी जेलरोडची बाई गंगापूर रोडला आणि मखमलाबादची बाई देवळाली कॅम्पला असा उलटा कारभार होता. जसजसे फोन आले तसतशी माणसं लावली, की असंच होतं. दोन, आठ ते आठ मोडून सात ते सात केलं. संध्याकाळी आठच्या सुमाराला द्वारका चौक ओलांडून वेळेवर पोचून दाखवा, मी चहा पाजतो.

अजून काय करता येईल? ब्युरोवाले, ग्राहक, सिस्टर, सगळ्यांनी लिहा. जाहिराती नकोत.

---

सिडकोची लेक

ग्राहक म्हणून लिहिते. आई पक्षाघाताने अंथरुणाला खिळली आहे. खाडा ही तुमची अडचण असेल, आमची अडचण वेगळी आहे. नवीन मावशी आली की तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आईची डावी बाजू गेली आहे, उचलताना डावा हात ओढायचा नाही, पाणी चमच्याने आणि घट्ट करून द्यायचं, नाहीतर ठसका लागतो. आईला बोलता येत नाही, ती स्वतः सांगू शकत नाही. मी ऑफिसला निघता निघता चपला घालत हे सांगते आणि दिवसभर जीव टांगणीला.

तुमच्याकडे पेशंटची ही माहिती लिहिलेली असते का? आधीच्या ब्युरोकडे आईचं नाव, पत्ता आणि "बेडरिडन" एवढाच शब्द होता.

---

निवृत्त सिस्टर

सिडकोच्या ताईंनी नेमकं बोट ठेवलं. वॉर्डात पाळी बदलताना आम्ही खाटेपाशी उभ्या राहून पेशंट हातात द्यायचो. घरी ही पद्धतच नाही. रात्रीची म्हणते "ठीक आहे", दिवसाची म्हणते "बरं", झालं.

माझ्या ओळखीतल्या एका ब्युरोला मी वही लावून दिली. साधी दोनशे पानी, पेशंटच्या उशाशी, दोरीने पेन बांधलेलं. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत: काय करायचं नाही. हे आधी. डावा हात ओढायचा नाही, झोपवून भरवायचं नाही, अमुक गोळी उपाशीपोटी नाही. औषधांची यादी त्याच्या मागे. मग रोजचे रकाने: वेळ, खाल्लं काय, लघवी किती, शौच, कूस.

कूस हा रकाना सगळ्यात मोलाचा. अंथरुणावरच्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते, एअर मॅट्रेस असली तरी. ती असली की बायका निवांत होतात, आणि माकडहाडावर लालसर चट्टा दिसला की मग धावपळ. काही मावश्यांना लिहायला जड जातं. त्यांना सांगितलं, बाण काढा. डावीकडे बाण, उजवीकडे बाण, उताण्याला गोल. एका मावशीने पानभर इतके नेटके बाण काढले होते की राउंडला आलेल्या डॉक्टरांनी मोबाईलवर फोटो काढून घेतला.

नाकातून नळी असेल तर: भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर आणि नंतर निदान अर्धा तास तशीच. नळी जागेवर आहे का हे तपासल्याशिवाय काहीही सोडायचं नाही, आणि ते शिकलेल्या माणसानेच तपासायचं. कॅथेटरची पिशवी कंबरेच्या खाली, पण जमिनीवर नाही. बाई नवी असो की जुनी, हे पहिल्या पानावर असेल तर तुमचे निम्मे फोन कमी होतील.

आणि मावशीच्या हाती सुई देऊ नका. ग्राहक म्हणतात "इन्शुलिन तर आहे, त्यात काय एवढं". घरच्यांनी शिकून द्यावं, नाहीतर नोंदणीकृत सिस्टरची व्हिजिट लावावी. ब्युरोने इथे ग्राहकासमोर नमायचं नाही.

---

स्पष्टवक्ता

धागा चांगला आहे, पण एक प्रश्न कुणीच विचारत नाहीये. मावशी खाडा का करते? ८०० तले ६५० देणारा ब्युरो मी तरी पाहिला नाही. काही ठिकाणी महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत अडकवून ठेवतात, बाई पळून जाऊ नये म्हणून. पहिल्या महिन्याचं "डिपॉझिट" कापतात ते वेगळंच. मग बाई ग्राहकाशी परस्पर ठरवते आणि ब्युरो तुटतो. यात नवल काय?

---

जेलरोडकर (धागाकर्ता)

@स्पष्टवक्ता, आकडे समजण्यापुरते आहेत असं वर लिहिलंय. बाकी तुमचं म्हणणं खोटं नाही. परस्पर ठरवणं हा प्रकार रोजचाच. पूर्वी आई करारात दंड लिहायची, वसूल एकदाही झाला नाही. आता मी सरळ सांगतो: परस्पर ठेवायचं तर ठेवा, पण मग बदली, पडताळणी, तक्रार काही माझ्याकडे नाही. पहिला खाडा पडला की निम्मे लोक परत फोन करतात.

कमिशनचंच काढलंत तर हेही ऐका. काही दवाखान्यांत डिस्चार्जच्या टेबलावरच कुणीतरी ब्युरोचा नंबर देतं आणि पहिल्या महिन्याचा वाटा मागतं. तो वाटा शेवटी मावशीच्याच पगारातून जातो. आम्ही ते बंद केलं, केसेस कमी झाल्या. त्या हळूहळू जुन्या पेशंटच्या तोंडी सांगण्यावर भरून आल्या.

---

आकडेमोड

हिशेबाच्या बाजूने थोडं.

पगार अडकवून ठेवण्याबद्दल: २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि काम सोडलं तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत. "वीस तारखेला देतो" ही प्रथा म्हणून चालत असेल, कायद्यात बसत नाही. ईएसआयला (कामगार विम्याला) पगाराची मर्यादा २१,००० आहे, त्यात मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्का. वीस माणसं झाली की पीएफ. "आम्ही फक्त माणूस पुरवतो, ती आमची कामगार नाही" हे वाक्य सगळे ब्युरो पाठ करून बसलेत. वेळ तुम्ही ठरवता, पैसे तुम्ही देता, बदली तुम्ही पाठवता. वाद झाला तर हे वाक्य किती टिकेल, ते आपल्या सीएला आणि वकिलाला आधीच विचारून ठेवा. सेवांची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटीचाही प्रश्न येतो, आणि रुग्णसेवा म्हणून सूट लागते की मनुष्यबळ पुरवठा म्हणून कर लागतो हे बिलावर काय लिहिता आणि प्रत्यक्ष काय करता यावर फिरतं.

आणि बारा तास गुणिले सहा म्हणजे ७२. कायद्यातला आठवडा ४८ तासांचा आहे. सगळ्या शहराचा हा धंदा बारा तासांवर उभा आहे म्हणून तो प्रश्न नाहीसा होत नाही.

आता खाड्यावर एक सुचवणी. तुमचेच आकडे घेतो. खाड्यामागे तुमचे २५० जातात. एका तुकड्यात दहा ड्युट्या आहेत आणि प्रत्येकीचे महिन्याला दोन खाडे धरले, तर वीस खाडे, ५,००० रुपये. त्या तुकड्यात एक राखीव मावशी ठेवा. काम नसेल त्या दिवशी तिला घरी बसून ४००, काम असेल तेव्हा नेहमीचे ६५०. २६ दिवसांत वीस दिवस ती ड्युटीवर, सहा दिवस घरी: २,४०० खर्च. वाचले ५,०००. तुकड्यात चारच ड्युट्या असतील तर मात्र हा खेळ अंगाशी येईल: खाडे आठ, वाचणार २,०००, आणि अठरा रिकाम्या दिवसांचे ७,२०० द्यावे लागणार. म्हणजे राखीव माणूस परवडायला तुकडा भरलेला हवा. गंगापूर रोडला दोन आणि आडगावला तीन अशा विखुरलेल्या केसेस घेत राहिलात तर कधीच जमणार नाही. लांबची केस नाकारायला शिका.

---

सिडकोची लेक

दोन खाडे एकाच दिवशी आले तर?

---

जेलरोडकर (धागाकर्ता)

तर बायको जाते.

---

पेठची पोर

माझी आई हेच काम करते, आमचं गाव पेठ तालुक्यात. मी नाशिकला शिकते. आईसारख्या बऱ्याच जणी पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या आहेत, चोवीस तासांच्या ड्युटीवर पेशंटच्याच घरी राहतात.

खाडा म्हणता तो बऱ्याच वेळा खाडा नसतो, गावचं पंचांग असतं. जुलैत भाताची आवणी, म्हणजे लावणी. पाऊस लागला की चार-पाच दिवसांत उरकायची, तेव्हा घरातलं माणूस हवंच. दिवाळीच्या आसपास कापणी. होळीला तर कोणीच थांबत नाही, ती आमची दिवाळी. ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी सुरू होते, मग काढणी, ते एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत बायकांना काम असतं. तिथे गावातल्या दहा-बारा जणी एका पिकअपमधून जातात, संध्याकाळी परत, रोख मजुरी. ब्युरोच्या कामात रात्री परक्या घरात एकटीने जागायचं आणि पैसे महिनाभराने. मग बाई बागेत का जाणार नाही?

आईच्या ब्युरोवाल्या काकू हुशार आहेत. जूनमध्येच विचारून ठेवतात, कोण कधी जाणार. आवणीला सगळ्या एकदम सोडत नाहीत, पण दोघी-दोघी करून सोडतातच. ग्राहकालाही आधी सांगतात. गेल्या आवणीला आई गेली तेव्हा बदली मावशी एक दिवस आधीच येऊन आईबरोबर राहिली, काम बघून घेतलं.

अजून एक. "मावशी कोणत्या समाजाची" हे फोनवर विचारतात. आईला एका घरी स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं, पण त्याच घरच्या आजोबांचं डायपर बदलायला चालत होतं. अशा घरून आई न सांगता निघून आली. तुमच्या वहीत तो खाडा म्हणून लागला असेल.

---

निवृत्त सिस्टर

पोरी, बरं केलंस लिहिलंस. जात विचारणाऱ्याला माणूस पाठवायचाच नाही, एवढं एक धोरण ब्युरोने ठेवलं तरी पुष्कळ. शाकाहारी घर असेल तर "डब्यात मांसाहार आणू नका" एवढं सांगणं ठीक आहे, त्याच्या पलीकडे काही नाही.

दुसरं म्हणजे कामाची हद्द. पेशंटचं जेवण, कपडे, खोली हे मावशीचं. घरभर झाडू-पोछा, पाहुण्यांची भांडी, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं हे नाही. पहिल्या दिवशी "मावशी, जरा चार पोळ्या लाटता का", महिन्याभरात चोवीस पोळ्या. आणि तेवढ्यात आजी खाटेवरून एकट्या उतरायला जातात. घरात माणूस असूनही म्हातारी पडली असं होतं ते बऱ्याचदा अशा वेळी. हद्द छापून ग्राहकाची सही घ्या.

भरती करताना मुक्त विद्यापीठाचा रुग्णसहायकाचा अभ्यासक्रम केलेल्या मुली मिळाल्या तर घ्याच. नाही मिळाल्या तरी चिंता नाही, हात चांगला आणि स्वभाव शांत असला की बाकीचं आठवडाभरात शिकवता येतं. पण तो आठवडा द्यायला हवा. थेट केसवर ढकलायचं नाही.

---

पुण्यातून

आईबाबा गंगापूर रोडला, जेहान सर्कलजवळ. मी पुण्यात. बाबांना स्मृतिभ्रंश आहे, संध्याकाळ झाली की "घरी चला" सुरू होतं, स्वतःच्याच घरात बसून. हॉलमध्ये कॅमेरा लावला तर दोन मावश्या सोडून गेल्या. माझं काय चुकतंय? विश्वास नाही असं नाही, पण मला लांबून दुसरा मार्गही नाही.

---

जेलरोडकर (धागाकर्ता)

@पुण्यातून, कॅमेरा असेल तर आम्ही मावशीला ड्युटी घेण्याआधीच सांगतो आणि कुठे आहे ते दाखवायला लावतो. हॉलमध्ये चालेल. जिथे पेशंटला स्पंज करतात, कपडे बदलतात किंवा मावशी झोपते, तिथे नाही. आणि कॅमेऱ्यातून बोलायचं नाही. "मावशी, फोन ठेवा" असा भिंतीतून आवाज आला की कोणीही जाईल. त्यापेक्षा रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करा, बाबांशी बोला, मावशीलाही दोन मिनिटं विचारा.

स्मृतिभ्रंशाच्या केसला आम्ही माणूस बदलत नाही. खर्च सोसतो, पण तेवढे दोन चेहरे पक्के ठेवतो, आणि संध्याकाळी चार ते सात ड्युटी बदलत नाही. नेमका तेव्हाच गोंधळ वाढलेला असतो.

---

रात्रपाळी

इतका वेळ वाचत होते, आता लिहिते. मी वॉर्डात काम केलंय, नंतर दोन वर्षं घरपोच. रात्री एकट्या बाईला परक्या घरात पाठवताना घरात कोण कोण आहे हे ब्युरो विचारतो का? एका घरी पेशंट आजी होत्या आणि त्यांचा मुलगा रात्री पिऊन यायचा. ब्युरोला सांगितलं तर "सांभाळून घे, चांगली पार्टी आहे". मी दुसऱ्या दिवशी गेले नाही.

२०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरसुद्धा कामाची जागा धरलं आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ब्युरोला अंतर्गत समिती लागते, त्याहून लहान असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे बायकांना ठाऊक नसतं, आणि सांगायची कुणाला घाई नसते. पोलीस पडताळणी मावशीची करता. घराची कोण करणार?

---

जेलरोडकर (धागाकर्ता)

रास्त आहे. पहिल्या दिवशी बायको स्वतः घर बघून येते, नुसता पेशंट नाही. झोपायला जागा, दाराला आतून कडी, बाथरूम, घरात पुरुष किती. नाही पटलं तर केस घेत नाही. समितीचं मात्र कागदावर नीट करायला हवं, ते करतो.

---

पंचवटीकर

सिंहस्थ कुंभमेळ्याचं कुणी बोललं नाही अजून. २ ऑगस्ट २०२७ ला पहिली पर्वणी, म्हणजे मुख्य स्नानाचा दिवस आहे. २०१५ ला पोलिसांनी इतकी बॅरिकेडं लावली होती की गल्लीतल्या माणसाला गल्लीत जाता येत नव्हतं. रामकुंडाच्या आसपास, जुन्या नाशकात, पंचवटीत पेशंट असेल तर बारा तासांची पाळी विसरा. पर्वणीच्या आदल्या दिवशीच माणूस आत गेलेला बरा, दोन-तीन दिवसांचा शिधा आणि औषधं भरून. रस्त्यांची कामं निघतील तेव्हाचे हाल वेगळेच.

पावसाळ्यातही हेच. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडायला लागला की आमच्याकडचे लहान पूल बंद. त्या दिवशी मखमलाबादची मावशी पेठ रोडने येईल, पण सिडकोची येणार नाही. जेलरोडकरांचे तुकडे त्या दृष्टीनेही योग्य आहेत: एकाही तुकड्यातून नदी जाता कामा नये.

अवांतर: वापरलेल्या सुया घंटागाडीत तशाच टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून, झाकण लावून, वेगळ्या द्या. सफाई कामगाराच्या हातात घुसतात.

---

आकडेमोड

नदीचा मुद्दा आवडला. माझ्या हिशेबात नव्हता.

जेलरोडकर, तुमच्या चौथ्या तुकड्यात ड्युट्या किती आहेत? पाचाच्या आत असतील तर तिकडच्या एखाद्या ब्युरोशी उसनवारी ठरवा. त्यांचा खाडा तुम्ही भरा, तुमचा ते भरतील, मावशीला पूर्ण पैसे, कमिशन ज्याची केस त्याचं. प्रतिस्पर्धी वगैरे पाहू नका. मावश्या तशाही दोन्हीकडे नाव लावून असतात.

---

जेलरोडकर (धागाकर्ता)

चारच आहेत. म्हसरूळला एक जण आहे माझ्यासारखाच, बोलतो त्याच्याशी. नाशिकरोडला आणि सिडकोला मात्र पुढच्या महिन्यापासून एकेक राखीव मावशी ठेवतोय, ४०० नाही, ४५० ने, कारण ४०० ला घरी बसून फोनची वाट बघायला कोणी तयार नाही. दोघींना विचारून झालंय. पगार सात तारखेच्या आत देतोच, आता पाच करतो.

वही उद्या छापायला टाकतोय. सिस्टर, "काय करायचं नाही" चं पान एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ दे. आणि पेठच्या ताई, आवणीसाठी तुमच्या काकूंची दोघी-दोघींची पद्धत नेमकी कशी, कोण आधी जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं की गावाप्रमाणे?

---

पेठची पोर

पाऊस ज्या गावात आधी लागेल त्या गावच्या आधी. चिठ्ठ्या टाकून कसं चालेल, काका!